डोळे शेवटी

त्याने ओली छत्री तिच्या हातावर अडकवली, तेव्हा ती हललीसुद्धा नाही.

भर दुपारी वीज गेली होती. कारखान्यात पावसाळी, राखाडी उजेड होता आणि जिकडेतिकडे पुतळे उभे होते. कपड्यांच्या दुकानांत असतात ते; टकले, कोऱ्या चेहऱ्यांचे. त्यांच्यातच ती उभी होती, बोटांवरचा रंग वाळावा म्हणून हात पुढे धरून.

मग छत्री अडकवलेला पुतळा हळूच म्हणाला, "पाणी पायावर पडतंय."

तो दचकून मागच्या पुतळ्यावर आदळला. त्या पुतळ्याचा हात निखळून खाली पडला. त्याने तो उचलला आणि गोंधळून पुतळ्याचीच माफी मागितली. ती हसली, पण जमिनीकडे बघत.

ती सतरा वर्षांची होती. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणत, आणि जिच्याकडे ती वाढली ती आत्या लाडाने 'घुमी' म्हणे. पेटलेल्या दिव्याकडे आपल्याला टक लावून बघवत नाही ना, तसं तिला माणसांच्या डोळ्यांत बघवत नसे. राग नव्हता, लाज नव्हती. फार लख्ख वाटायचं, इतकंच.

पुतळ्यांचे डोळे मात्र तीच रंगवायची, कारण आत्याला हल्ली जवळचं दिसत नसे. कारखान्याचा नियम होता – डोळे शेवटी. ते वाळले की लगेच चेहरा मऊ कागदात गुंडाळायचा आणि दुकानात गेल्यावरच सोडायचा. डोळे आले की पुतळा आपला राहत नाही, असं आत्या म्हणे.

छत्रीवाला आपल्या मामाच्या दुकानात शोकेस सजवायचा. नव्या शोकेससाठी पुतळे हवे होते. तो काम बघायला येऊ लागला, आणि मग बघण्यासारखं काही नसलं तरी येऊ लागला. तुम्ही टक लावून बसलात की रंग लवकर वाळतो का हो, शोकेसवाले साहेब, असं आत्याने एकदा विचारलंच.

तो घुमीच्या मागे स्टुलावर बसायचा. तिच्यासमोर आरसा असे. रंगवलेला चेहरा आरशात उलटा दिसला की डोळा तिरका गेलाय का ते चटकन कळतं. ती पाठमोरी बोलायची, आणि तसं तिला छान बोलता यायचं.

"माझ्यापेक्षा त्या पुतळ्याकडे जास्त बघतेस."

"तो पापणी हलवत नाही."

"मीही नाही हलवणार."

"मग डोळे कोरडे पडतील तुझे…"

शेवटच्या दिवशी मात्र त्याचा आवाज वेगळा आला. उद्या माल जाणार, मग इथे यायला काही निमित्त उरणार नाही, असं तो म्हणाला.

"रस्त्यात भेटलो तर ओळखशील? तू मला एकदाही बघितलं नाहीस."

तिला सांगायचं होतं – जाऊ नकोस. तिने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. तो छत्री घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शोकेसमध्ये त्याने पहिल्या पुतळ्याचा कागद सोडला.

डोळे त्याचेच होते. किंचित उतरलेली पापणी, पांढऱ्या भागातला बारीक तपकिरी तीळ… त्याने दुसरा कागद सोडला, मग तिसरा. बायकांचे पुतळे, पुरुषांचे पुतळे, सगळे त्याच्याच डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते. तो सरकला, तरी बघत होते. काचेबाहेरून मामाने पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे बदलून आण, गिऱ्हाईक पळून जाईल, एवढंच मामा म्हणाला.

छत्रीवाला पुन्हा कागद गुंडाळायला लागला, तेवढ्यात शोकेसच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसला. तीळ त्याच्या उजव्या डोळ्यात होता. पुतळ्यांच्या डाव्या. आणि काचेतला तो, अगदी पुतळ्यांसारखा…

हे डोळे आरशातून बघितलेले होते. तो तिच्या मानेवरचे रंगाचे ठिपके बघत बसायचा, तेव्हा ती त्याला बघत होती. रोज.

तो तसाच भिजत कारखान्यात आला. तिच्यासमोर गेला नाही. मागे स्टुलावर बसला.

"तीळ चुकलाय," तो म्हणाला.

"नाही. मला तो तिकडेच दिसतो." तिचे खांदे आकसले. "मी मुद्दाम नाही काढले. हात आपोआप तिकडेच जायचा."

"मामा म्हणतात, बदलून आण. मी म्हटलं, आणतो. एकेक करून… घाई नाही."

आतल्या खोलीत आत्या नवे पुतळे घासत होती, तो आवाज थांबला. कारखान्यात फक्त पावसाचा आवाज राहिला.

तिने ब्रश खाली ठेवला आणि आरशात वर बघितलं. या वेळी तोही आरशातच बघत होता. डोळे दिपले, तरी तिने ते हलवले नाहीत.

"रस्त्यात भेटलास ना," ती म्हणाली, "तर आधी जवळच्या दुकानाच्या काचेत बघीन. मग हाक मारीन."

दोघांच्या मागे कोरे चेहरे ओळीने उभे होते. डोळ्यांची वाट बघत.