हॅस्केलच्या दुकानातली रायफल

रायफलीच्या लाकडी दस्त्यावर ओडेसाचा हात पडला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं एका तरुणाचाही. दोघांनी हात मागे घेतले नाहीत.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

खरं तर तिच्या आजोबांची. कोरियात लढताना त्यांच्या खांद्यावर असलीच रायफल होती. म्हातारपणी हौसेनं त्यांनी ही घेतली होती. ते इस्पितळात दाखल झाले आणि ओडेसाच्या भावानं ती या गहाणवटीच्या दुकानात ठेवून गाव सोडलं. मुदत टळली आणि ती विक्रीला लागली. आजोबा उद्या घरी येणार होते, आणि आल्याबरोबर त्यांची नजर भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या रिकाम्या खुंट्यांकडे जाणार होती.

दुकानदार हॅस्केलनं तिचा चेहरा वाचला आणि हजार डॉलरचे अकराशे केले. तिच्याजवळ साडेसातशे होते.

तो तरुण, कॉर्विन, गेले काही शनिवार याच रायफलीसाठी घासाघीस करत होता. त्यानं ओडेसाकडे एकदा पाहिलं... जरा जास्तच वेळ. मग रायफल उचलून नळीत डोकावला. आत गंज धरलाय, दस्ता मूळचा नाही, पट्टाही नवा आहे, असं एकेक काढत त्यानं हॅस्केलला नऊशेवर आणलं.

"तू घेणार आहेस की तिची वकिली करतोयस?" हॅस्केल वैतागला.

"मी घेत नाहीये. आणि या गावात दुसरं कोण घेणार आहे, सांग."

हॅस्केल साडेआठशेवर अडला तो अडलाच. ओडेसानं आपले साडेसातशे काउंटरवर मोजून ठेवले. कॉर्विननं खिशातून शंभर काढून काउंटरवर ठेवले.

"अनोळखी माणसाकडून मी पैसे घेत नाही."

"मग ओळख करून घ्या ना."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. ती रायफल गाडीत ठेवू लागली. त्यानं दार धरून ठेवलं.

"पण तुम्हाला ती हवी होती," ती म्हणाली.

"हवी होती... तुम्ही आत येईपर्यंत."

ती गाडीत बसली.

"पुढच्या रविवारी घरी पैसे न्यायला या. आजोबा विचारतील, हा कोण म्हणून."

"काय सांगाल?"

"माहीत नाही," तिनं गाडी सुरू केली. "दाढी मात्र करून या."