सहा गोल कुणी मारले?

मैदानावर अकरा मुली होत्या, एक पंच होते, दोन जाळ्या होत्या आणि एक चेंडू होता. समोरच्या अर्ध्या मैदानात कोणीही नव्हते.

पाहुण्या शाळेची बस घाटात कोसळलेल्या दरडीमागे अडकली होती. सगळे सुखरूप होते, पण वेळेत पोहोचणार नव्हते. कोल्हापूरच्या या शालेय लीगची एक रीत होती. समोरचा संघ आला नाही, तरी आपण पूर्ण पोशाखात आपापल्या जागी उभे राहायचे. न आलेल्यांचाही मान राखायचा. पंचांनी बराच वेळ वाट पाहिली, मग शिट्टी वाजवली आणि पुढे चाल (न खेळता मिळालेला विजय) जाहीर केली. नियमाप्रमाणे निकाल ३–०.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. फक्त जिजा इंगवले मैदानाच्या कडेला टिपणीसच्या छातीवरच्या पडद्याकडे बघत राहिली. टिपणीस हा लीगची आकडेवारी ठेवणारा यंत्रमानव. विजेच्या खांबाएवढा उंच, आणि डोक्याभोवती सहा डोळे.

"टिपणीसकाका, सकाळी माझी सरासरी एक होती. आता ०.८८ कशी? मी तर चेंडूला पाय पण लावला नाही!"

सरासरी म्हणजे एकूण गोल भागिले एकूण सामने. राज्य शिबिरासाठी गोल करणाऱ्या खेळाडूची सरासरी किमान १.०० लागत होती, आणि लीगचा एकच सामना उरला होता.

मागून साईमा मुल्लाणी आली. ती संघाची गोलरक्षक आणि कर्णधार. "माझी बघ की, भारी झाली! ०.८६ ची ०.७५. न खेळता सुधारलो मी. रोज असं उभं राहिलो तर जगात पहिला येईन!"

गोलरक्षकाची सरासरी जितकी कमी तितकी चांगली, कारण तिथे खाल्लेले गोल मोजतात. शिबिराची मर्यादा होती ०.९०.

जिजा हसली नाही. ती पडद्यावरचे आकडे बोटांवर मोजत होती. "हे बघ. संघाचे गोल सतरा. माझे सात, बाकीच्यांचे मिळून चार. झाले अकरा. मग वरचे सहा गोल कुणी मारले?"

"भुतानं," साईमा म्हणाली.

"कुणीच नाही," टिपणीस म्हणाला. "या मोसमात तुम्हाला दोनदा पुढे चाल मिळाली. प्रत्येक वेळी नियमाने संघाला तीन गोल दिले. ते गुणतक्त्यासाठी असतात. मारणारा पाय नसतो, म्हणून ते कोणत्याही खेळाडूच्या नावावर जात नाहीत."

"गोल नाही दिला, ते ठीक. पण सामना का मोजला?"

टिपणीसचे सहाही डोळे एकदा मिटले. "शिट्टीच्या वेळी जी मैदानावर उभी दिसेल ती खेळली, असे मी धरतो. तुम्ही रीतीप्रमाणे उभ्या होता. मी प्रत्येकीच्या नावापुढे एक सामना आणि शून्य गोल लिहिले. त्यामुळे छेद (भागाकारातली खालची संख्या) वाढला. सात भागिले सात होते, ते सात भागिले आठ झाले."

"पण मी शून्य गोल मारले नाहीत," जिजा हळूच म्हणाली. "मी खेळलोच नाही. ते वेगळं आहे ना?"

टिपणीसच्या पडद्यावरचे आकडे गेले आणि तिथे आकाश उमटले. हजारो बारीक चौकोनांत कापलेले आकाश.

"इथे येण्यापूर्वी मी एका दुर्बिणीजवळ काम करत होतो. हा तिथला नकाशा. काळे चौकोन म्हणजे आम्ही पाहिले आणि तिथे काही सापडले नाही. ते शून्य मोजलेले आहे. करडे चौकोन म्हणजे अजून पाहिलेच नाही. तिथे शून्य लिहायचे नाही, जागा रिकामी ठेवायची."

मुली जवळ सरकल्या. काळे चौकोन थोडेसेच होते. करडे मात्र पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरले होते.

"एवढं सगळं बघायचं राहिलंय?" साईमाने विचारले.

"हो," टिपणीस म्हणाला. पडद्यावरचा एक चौकोन उजळला. "आणि न पाहिलेल्या या चौकोनात एकदा चुकून शून्य लिहिले गेले. कित्येक वर्षे कोणी तिकडे दुर्बीण वळवली नाही. शून्य आहे म्हटल्यावर कोण बघणार? शेवटी एका विद्यार्थिनीला शंका आली."

चौकोन उघडला. आत प्रकाशाचे ठिपके होते, वाळूसारखे दाट. "प्रत्येक ठिपका एक दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह)," टिपणीस म्हणाला.

जिजाला वाटले, आपण श्वास सोडला तर ते ठिपके उडून जातील.

"आकाशाच्या बाबतीत मला हे ठाऊक होते. मैदानावर मात्र मी तीच चूक केली," टिपणीस म्हणाला. "कर्णधाराने आक्षेप घेतला, तर दोन्ही सामने खेळाडूंच्या आकड्यांतून काढता येतील. जिजाचे मग सहा सामन्यांत सात गोल, सरासरी १.१७."

"घेतला आक्षेप!" साईमा म्हणाली.

"थांब," जिजा एकदम म्हणाली. तिने मनातल्या मनात दुसरा भागाकार केला होता. "तुझे पण दोन सामने जातील. सहा सामन्यांत सहा गोल खाल्ले. म्हणजे एक. तू शिबिराच्या बाहेर जाशील, साईमा. काका, फक्त माझीच दुरुस्ती करता येईल?"

"नाही. मोजण्याची पद्धत सगळ्यांना एकच."

"मग राहू दे. शेवटच्या सामन्यात मी दोन मारतो. नऊ भागिले नऊ."

"आणि नाही झाले दोन तर?" साईमा रिकाम्या मैदानाकडे बघत होती. मघाशी ती तिथे जाळीसमोर उभी होती आणि तिच्याकडे काहीही आले नव्हते. "आगं, मी काय अडवलं तिथं? वारं? असली ०.७५ घेऊन शिबिरात गेलो आणि कुणी विचारलं, तर काय सांगू? टिपणीसकाका, काढा ते दोन सामने."

"शेवटच्या सामन्यात एक जरी गोल झाला, तरी तुमची सरासरी मर्यादेच्या वर राहील," टिपणीस म्हणाला.

"कळलं ओ. मग होऊ देत नाही."

शेवटच्या सामन्यात समोर पूर्ण संघ होता, आणि तो लीगमधला सगळ्यात वेगवान संघ होता. पहिल्या अर्ध्यात साईमाने दोन फटके छातीवर घेतले आणि एक बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला. जिजाच्या फटक्याने एकदा समोरच्या जाळीचा आडवा दांडा हलला. चेंडू परत आला. अखेरच्या मिनिटांत सगळे समोरचे खेळाडू पुढे आले. साईमा झेपावली, चेंडू तिच्या हाताला लागून जाळीकडे घरंगळला. तिथवर धावत आलेल्या जिजाने तो रेषेवरून उडवला.

"आत गेला होता!" कोणीतरी ओरडले. सगळ्यांनी टिपणीसकडे पाहिले. सहाही डोळे उघडे होते. पंचांनी शिट्टी वाजवली. पडद्यावर आकडे आले.

निकाल : ०–०.
जिजा इंगवले : खेळलेले सामने ७, गोल ७, सरासरी १.००.
साईमा मुल्लाणी : खेळलेले सामने ७, खाल्लेले गोल ६, सरासरी ०.८६.