गंगापूर रोडवरचा इरादा

सातपूरच्या ‘किरणवेध’ कंपनीच्या प्रयोगशाळेत पायजमा घातलेला एक पुतळा उभा होता आणि वैजयंती कित्येक वर्षं त्याच्या पोटरीकडे टक लावून बघत आली होती. माझ्याकडे तू इतकं कधी बघितलं नाहीस, असं तिचा नवरा म्हणे. पण त्याच्या सुरात तक्रारीपेक्षा सुटकेचा भाग जास्त असे.

आज पुतळ्यापाशी डॉ. नाईकवाडे आले होते. शहर बससेवेच्या सुरक्षा समितीचे हे अध्यक्ष. चालकाविना धावणाऱ्या बसगाड्यांना ‘किरणवेध’ने लेसरचा डोळा बसवून दिला होता आणि त्या डोळ्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या होत्या. दोन्ही गंगापूर रोडवरच्या, एकाच ठिकाणच्या. एका कडेला एक गृहस्थ रोज संध्याकाळी रस्ता ओलांडायला उभे राहतात, त्यांच्यासाठी बस थांबत नाही. समोरच्या कडेला कोणी ओलांडत नाही, तरी बस रोज थांबते.

“तारा उलट्या जोडल्यात तुमच्या,” नाईकवाडे म्हणाले. “आज संध्याकाळी मी स्वतः बघतो. दोष दिसला, तर सगळे डोळे उतरवायचे.”

कंपनीचं गिऱ्हाईक हे एवढं एकच होतं. वैजयंतीने पुतळ्याचा पायजमा उगाच सारखा केला.

नाईकवाड्यांचं म्हणणं, आधीचं यंत्र काय वाईट होतं? कडेला माणूस दिसला की बस थांबायची. वैजयंतीने विचारलं, की नाशिकमध्ये कडेला माणूस उभा नाही असा रस्ता कोणता? मिसळीच्या हॉटेलासमोरून बस निघेपर्यंत प्रवाशांना पुन्हा भूक लागायची.

“म्हणून आम्ही माणूस बघायचं सोडलं. आता आम्ही फक्त त्याचा इरादा बघतो,” ती म्हणाली. “पाऊल उचलायच्या आधी, त्याला स्वतःलाही कळायच्या आधी, माणसाचा तोल किंचित सरकतो आणि पोटरी ताणली जाते. त्याला आम्ही स्नायुसज्जता म्हणतो. त्या ताणाने कपडा केसाच्या जाडीहूनही कमी हलतो. आमचा लेसर अगदी एकाच शुद्ध रंगाचा असतो. हलत्या कपड्यावरून परतताना तो रंग जरासा बदलतो.”

“आणि परत येतो किती प्रकाश?”

“पंगतीत शेवटच्या पानापर्यंत जेवढं तूप पोचतं, तेवढा.”

“म्हणजे नाहीच.”

“जवळजवळ नाहीच. तो वाढवावा लागतो. साधा वर्धक वाढवता वाढवता स्वतःची खरखर त्यात मिसळतो. आमचा निःशब्द प्रकाशवर्धक आलेलं तेवढंच मोठं करतो, पदरचं काही घालत नाही.”

“असा सभासद मला समितीत हवा होता,” नाईकवाडे म्हणाले. “थोडक्यात, बस मनातलं ओळखते.”

“मनाशी तिचा संबंध नाही, सर. पायातलं ओळखते.”

नाईकवाड्यांनी पहिला अर्ज पुढे केला. खाली सही होती त्र्यंबक कर्डिले यांची आणि सहीखाली शेरा, की सदर यंत्र अर्जदाराच्या कन्येनेच बनवले असल्याने तक्रारीत आकस नाही. वैजयंतीला हे ठाऊक होतं. माहेरी जेवताना बाबांनी तो अर्ज वाचूनही दाखवला होता.

प्रकरण तिच्या लग्नाइतकं जुनं होतं. सगळ्या कर्डिल्यांचा एकत्र फोटो निघाला, तेव्हा आप्पाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मुदपाकखान्यात जिलबीवर नजर ठेवून होते. फोटोत ते नाहीत. मला कोणी बोलावलं नाही, असं काकांचं म्हणणं. “हाक मारली होती,” हे बाबांचं. तेव्हापासून दोघे समोरासमोर राहत आणि एकमेकांशी बोलत नसत. यंदा बाबांनी जाहीर केलं, की आता वय झालं, मीच जातो त्याच्याकडे. रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते कडेला उभे राहत आणि परत येत. “तुझी बस थांबत नाही, वैजू. नाहीतर केव्हाच गेलो असतो.” आईने एकदाच विचारलं होतं, की बस नव्हती तेव्हा काय अडलं होतं? तो प्रश्न कोणाला ऐकू गेला नाही.

बसच्या डोळ्याने टिपलेलं सगळं वैजयंतीने पडद्यावर पाहिलं होतं. बाबांच्या पोटरीची रेघ घोटलेल्या फरशीसारखी सपाट होती. यंत्र वाचवायचं, तर बाबांना त्यांच्या तोंडावर, तेही परक्या माणसासमोर, एक गोष्ट सांगावी लागणार होती.

संध्याकाळी तिघे कडेला उभे राहिले. समोर काका झारी घेऊन फाटकाबाहेरच्या झाडाला पाणी घालत होते. त्यांच्या बाजूने बस आली आणि थांबली. काका उभेच राहिले. थोडं थांबून बस निघून गेली. मग या बाजूने एक आली आणि बाबांसमोरून सरळ गेली.

“पाहिलंत?” बाबा म्हणाले. नाईकवाड्यांनी पेन काढलं.

“बाबा,” वैजयंती म्हणाली, “यंत्र बरोबर आहे. तुम्हाला जायचं नाहीये.”

बाबांनी सदऱ्याची बाही उगाच सारखी केली.

“काकांना यायचंय. रोज यायचंय. त्यांच्या बाजूला बस उगीच थांबत नाही.”

“आप्पाला? तो झाडाला पाणी घालतोय.”

“ते झाड त्या पाण्याने कधीच कुजलंय, बाबा.”

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला आणि समोर बघत राहिले. झारीतलं पाणी संपलं होतं, तरी काकांनी ती तिरकीच धरली होती.

“बिघडलंय तुझं यंत्र,” बाबा शेवटी म्हणाले. “त्याच्याकडे जायची मला काही गरज नाही. मी घरी चाललो.”

मागून वेगात येत असलेली बस हळू झाली आणि बरोबर त्यांच्यासमोर थांबली.

नाईकवाड्यांनी आधी बसकडे पाहिलं, मग बाबांच्या पायाकडे. बाबांनीही आपल्या पायाकडे पाहिलं, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसं. तेवढ्यात काकांच्या बाजूलाही बस येऊन थांबली. मधला रस्ता मोकळा पडला. प्रवासी खिडक्यांतून डोकावू लागले. दोघांपैकी कोणीही हललं नाही.

“इरादा दोघांचाही आहे म्हणता,” नाईकवाडे हळूच म्हणाले. “मग घोडं कुठे अडलंय?”

“आमचं काम इराद्यापर्यंतच, सर. पुढचं घरच्या माणसांनी करायचं असतं.”

बाबांनी घसा साफ केला. “आप्पा, ये रे. फोटो काढायचा राहिलाय.”

“काय म्हणालास?” पलीकडून काकांनी विचारलं.

बाबांना पुन्हा म्हणावं लागलं, आणि ते एवढ्या मोठ्याने, की दोन्ही बसमधल्या सगळ्यांनी ऐकलं.

काकांनी झारी खाली ठेवली.

“हां दादा, आत्ता आली हाक ऐकू,” ते म्हणाले आणि रस्त्यात उतरले.