तेल लावलेल्या चकत्या

दरेकशाच्या स्टेशनावर योगेश्वरी उतरली ती भांडायचं ठरवूनच. समोर हेमेंद्र पटले हसत उभा. तिचा पारा आणखीच चढला.

दोन महिन्यांपूर्वी पत्ता विचारायला तिनं याच माणसाला थांबवलं होतं, आणि तिला हवे असलेले सात वर्षांचे क्लोन साग नेमके याच्याच शेतात निघाले! झटपट वाढणाऱ्या या कोवळ्या लाकडात तेल किती, राळ किती, हा तिच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. तिनं प्रत्येक झाडाच्या दोन-दोन चकत्या कापून घेतल्या, पेन्सिलीनं आकडे टाकले. एकेक वाळवून गोंदियाला तपासणीसाठी धाडायची, ती पोचली की जादाची चुलीत घालायची. ते काम हेमेंद्रनं हौसेनं अंगावर घेतलं.

आणि तपासणीत निघालं काय? कोवळ्या लाकडात जुन्या सागाच्या दुप्पट तेल! प्रबंध द्यायला उरले होते पंधरा दिवस.

"खरं सांगा, चकत्यांना काय केलं?"

"काही नाही जी… जवसाचं तेल लावलं फक्त."

"तेल? कायले?" रागात तिची शहरी भाषा पळाली.

"नवीन लाकूड तडकते ना. कुदळीच्या दांड्याले आमी लावतोच. तुमच्या होत्या म्हून… दोन हात जास्त लावले."

योगेश्वरीनं कपाळावर हात मारला. "अहो, लाकडातलं तेलच मोजून राहिली होती मी! आता नवीन झाड कधी तोडू, कधी वाळवू? वर्ष गेलं माझं!"

हेमेंद्रचे कान लाल झाले. "घरी चला," एवढंच तो म्हणाला.

दारातच त्याची आई, सुशिलाबाई, भेटली. "याले म्हणलं, उरलेल्या चकत्या चुलीले दे, तर हात लावू देत नाही!"

हेमेंद्रनं पेटी उघडली. उरलेल्या सगळ्या चकत्या आत होत्या. कोरड्या ठणठणीत, आकडे जसेच्या तसे.

"यांना तेल नाही लावलं?"

"नाही… तुमचं अक्षर पुसलं असतं."

योगेश्वरीला भांडण आठवेना. त्याचाही तिला राग आला.

"सगळ्या लागतील," ती पुटपुटली.

"न्या. एक… एकच सोडा मले."

"एकही नाही!" त्याचं तोंड एवढंसं झालं. तिनं चकत्या पिशवीत कोंबल्या. "अक्षर काय जपून राहिले? प्रबंध झाला की लिहिणारीलेच मागाले या… बाबा घरीच असतात."

ती तरातरा वाटेला लागली. हेमेंद्र जागचा हलेना.

शेवटी सुशिलाबाईच ओरडली, "पाहून काय राहिला रे? सुनेची पिशवी धर!"