मसणवटचं राहिलेलं गाणं

दिवे गेले तर जाऊ द्या, बसा इथंच. प्रताप नगरातला विश्वनाथ तुम्हाला माहीत आहे, रेडिओ दुरुस्त करतो तो. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. १९८९ च्या जानेवारीतली अमावास्या, शनिवार. दिवेलागण झाल्यावर तो गिटार पाठीला बांधून कन्हानला निघाला. एक गाणं पुरं करायचं होतं.

तिघांचा रॉक बँड होता, 'मसणवट'. पंकची घाई, स्पीड मेटलची धाव आणि वर ब्लॅक मेटलचा काळोख. विश्वनाथची गिटार, बळीरामचे ड्रम, आणि कृष्णकांत तोंडाला काजळ फासून किंचाळायचा. कन्हानच्या एका बंद धानगिरणीत मधोमध टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि अख्खं गाणं एका दमात वाजवायचे. शेवटचं गाणं तेवढं राहिलं आणि कृष्णकांत ट्रकखाली गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. वडिलांनी, वामनरावांनी, बहिणीचं लग्न थाटात लावू म्हटलं. कावळा फांदीवरच. शेवटी विश्वनाथ हात जोडून पुटपुटला, "किसन्या, तुह्यं गाणं आम्ही पुरं करतो."

कावळा उतरला.

हे कृष्णकांतच्या आईनं, सुभद्राबाईंनी, ऐकलं होतं. "मीबी येतो गा."

"काकू, ते गाणं कायचं, नुसता कल्ला असते. डोकं उठन तुमचं."

"उठू दे. त्यानं मले एकबी गाणं आयकू देल्लं नाही. म्हणे, तू भेशीन."

गिरणीत कृष्णकांतची जागा मोकळी ठेवली. त्याच्याऐवजी गाणार कोण? सुभद्राबाई भिंतीशी पोत्यावर बसल्या. बळीरामनं बटण दाबलं.

वाजवलं. जीव तोडून वाजवलं. जिथं किंचाळी यायची, तिथं काहीच आलं नाही. विश्वनाथ रडत वाजवत होता.

शेवटचा ठोका. मग शांतता…

सुभद्राबाई डोळे मिटून बसलेल्या. ओठ घट्ट.

टेप मागं घेऊन लावली. गिटार. ड्रम. बस.

"फसवलं गा आपण त्याले," बळीराम म्हणाला. "अर्धंच राहिलं."

सुभद्राबाईंनी मान हलवली. नाही. बोलायला गेल्या…

आवाज फुटेना.

पुन्हा प्रयत्न केला. फाटका, खरखरीत आवाज आला. "किती जोरानं गाऊन राहिला होता गा तो…"

तासन्‌तास किंचाळल्यावर गळा बसतो, तसा. पण त्या तर… दोघांनी पाहिलं होतं. ओठ हललेच नव्हते.

पुढं त्या बरीच वर्षं जगल्या. आवाज तसाच राहिला. वामनराव डॉक्टरकडं चल म्हणाले, की त्या दोन्ही हातांनी गळा झाकून घेत.