डावीकडची स्क्रीन

जालन्यातल्या त्या दुकानात दैवशालाने सगळ्यात मोठ्या टीव्हीकडे बोट दाखवलं, तेव्हा शिडीवर चढून छताजवळ वायर ओढत असलेला मुलगा वरूनच म्हणाला, "ताई, बसणार किती लांब?"

तिने मान वर केली. बाहेर आषाढातली सर नुकतीच येऊन गेली होती. तिची ओढणी ओली, चपला चिखलाने भरलेल्या, आणि अशा अवस्थेत अनोळखी माणसाने विचारलेला प्रश्न कुणालाही गोड लागत नाही.

"तुमाला काय करायचंय?"

"न्हाई... लोक टीव्ही घेताना भिंत मोजतात. खरं तर आपलं बसणं मोजावं."

"मी टीव्ही बघायला घेऊन न्हाई राह्यले. मला विमान चालवायचंय त्याच्यावर."

गल्ल्यावरचा मालक हसला, दोन गिऱ्हाइकं हसली. शिडीवरचा मात्र हसला नाही. सावकाश खाली उतरला, खिशातली मोजपट्टी उगाच बाहेर काढली, परत आत घातली आणि म्हणाला, "मंग तर हा बिलकुल घेऊ नका." मालकाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या दिवशीचा चहा त्याला मिळाला नसणार.

दैवशालाने अर्थातच तोच टीव्ही घेतला. कुणी नको म्हटलं की तीच गोष्ट करायची, हा स्वभाव तिला वडिलांकडून आला होता. बदनापूरजवळ मोसंबीचा मळा असलेल्या रखमाजींची ही लेक वैमानिक व्हायला निघाली, तेव्हाही सगळं गाव नकोच म्हणालं होतं. आता ती एका उड्डाण शाळेत शिकत होती. पावसाळ्यात तिथली विमानं फारशी उडत नाहीत, म्हणून दोन महिने घरी आली होती आणि येताना एक वाक्य पोटात घेऊन आली होती. कॅप्टन मॅडमनी निरोप देताना म्हटलं होतं, "तू प्रत्येक वेळी धावपट्टीकडे उशिरा वळतेस. पावसाळ्यानंतर एकदाच तपासणी घेईन. तेव्हाही तसंच झालं, तर तुझी जागा दुसऱ्याला जाईल."

हे तिने घरी सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, सराव करायचाय. विमान उडवायचा खेळ चालेल असा भावाचा दणकट कॉम्प्युटर होता, विमान वळवायचा दांडा तिने मागवला होता, आता फक्त स्क्रीन हवी होती. आणि स्क्रीन जितकी मोठी तितकं विमान खरं, असा तिचा साधा हिशोब होता.

टीव्ही बसवायला दुकानाने माणूस पाठवला. तोच. नाव हरिओम. बदनापुरात स्टेशनच्या रस्त्याला त्याचं छोटं दुकान होतं, मळ्यामळ्यांतून मोसंबीच्या राखणीचे कॅमेरे बसवायचा, आणि मधल्या वेळात मोठ्या दुकानांची ही कामं करायचा. त्याने टेबल पाहिलं, खुर्ची पाहिली, आणि टीव्ही खाली, डोळ्यांसमोर लावू का म्हणून विचारलं. रखमाजींना हे पटण्यासारखं नव्हतं. टीव्ही भिंतीवर उंचच लावतात, म्हणजे सतरंजीवर शेवटी बसलेल्या माणसालाही दिसतो. देवांच्या तसबिरींशेजारी खिळे आधीच ठोकून तयार होते.

"काका," हरिओम म्हणाला, "विमानातून आभाळ समोर दिसतं. एवढं वर न्हाई दिसत."

"आभाळ वरच असतं, बाळा," रखमाजी म्हणाले, आणि विषय संपला.

मग आठ दिवस जे चाललं, ते दैवशाला आयुष्यभर विसरणार नाही. संध्याकाळ झाली की शेजारच्या दुर्गाबाई घेवड्याच्या शेंगा घेऊन यायच्या, मागून आणखी चारजणी. शेंगा निवडत, मान वर करून सगळ्या विमान बघायच्या. कुणी म्हणायचं, आज तिरुपतीला घे. विमान आपटलं की सगळ्या मिळून "अगं बाई" म्हणायच्या, आणि ते रोजच आपटायचं. दैवशालाची मान धरली. नाक वर आहे की खाली, ते कळेना. दांडा हलवला की चित्र जरा थांबून हलायचं. मोठं घर पोकळ वासा म्हणतात, तसला तो टीव्ही होता. नवव्या दिवशी तिने बिलामागे लिहिलेल्या हरिओमच्या नंबरावर फोन लावला.

तो आला, आणि जे ऐकायची तिने मनातल्या मनात तयारी केली होती ते वाक्य — 'मी म्हणलो व्हतो ना' — ते त्याने उच्चारलंच नाही. तिच्या खुर्चीत बसला, पाच मिनिटं मान वर करून विमान बघत राहिला, मग हळूच मान चोळली.

"आठ दिस असं बसलात? जल्दी बोलायचं ना."

हा माणूस बरा आहे, असं तिला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

नक्की काय जमत नाही, असं त्याने विचारलं. घरच्यांना न सांगितलेली गोष्ट तिने या तिसऱ्यांदाच भेटलेल्या माणसाला सांगून टाकली. टोपलीतली एक मोसंबी घेतली, पलंगपोसावरच्या एका रेघेला धावपट्टी केलं आणि दाखवू लागली. असं उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे, मग धावपट्टीला समांतर उलट जायचं. "इथं आलं की धावपट्टीचं टोक डाव्या खांद्याच्या मागं दिसलं पाहिजे. दिसलं, की वळायचं."

हरिओमने मोसंबीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"आन् या टीव्हीत डावा खांदा कुठंय?"

टीव्हीत फक्त समोरचं दिसत होतं. आणि खऱ्या विमानातही ती समोरच बघत बसायची, लहानपणापासून रस्त्याने चालताना शिकवलेलं तसं... नाकासमोर. मॅडम उशीर उशीर म्हणत होत्या, तो उशीर हातांचा नव्हता. तिची मानच डावीकडे वळत नव्हती.

"एक मोठी न्हाई," तो म्हणाला. "तीन मध्यम. सत्तावीस-सत्तावीस इंचाच्या, तिन्ही एकाच घराण्यातल्या. एक समोर, दोन बाजूला वळवलेल्या. आन् बसायचं हातभर अंतरावर, म्हणजे मीटरचे काटे बी वाचता येतात."

"घराणी बघून जमवायचं म्हणजे सोयरीकच झाली की."

"त्याच्याहून अवघड," तो म्हणाला, आणि कान लाल करून वायर गुंडाळायला लागला.

टेबल करायला गयासोद्दीन चाचा आले. चाचांचं सुतारकाम तालुक्यात नावाजलेलं, पण मोजपट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. ते माणसाला बसवूनच माप घेत. "हात लांब कर बेटी," म्हणाले, आणि तिच्या बोटांची टोकं पोचली तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. मग डोळ्यांच्या उंचीची रेघ. देव्हाऱ्याची दारं अर्धी उघडी असावीत, तशा बाजूच्या दोन फळ्या आत वळवल्या. टीव्ही भिंतीवरच राहिला आणि आईच्या, म्हणजे नंदाबाईंच्या, मालिकांना लाभला, त्यामुळे तिचाही आशीर्वाद मिळाला.

जालन्याच्या एका बियाणं कंपनीने ऑफिसातल्या जुन्या स्क्रीन बदलल्या होत्या, त्यांतल्या दोन हरिओमने आणल्या. एकीवर बारीक उभी रेघ होती, ती उजवीकडे लावली, कारण तिकडे तिला कमी बघायचं होतं. दुसरी समोर. डावीकडची, सगळ्यात महत्त्वाची, तेवढी मिळेना. तसलीच पाहिजे, नाहीतर क्षितिज मोडल्यासारखं दिसेल, असं म्हणत तो तीनदा रिकाम्या हाताने आला. बरं, स्क्रीन मिळाली नाही हे फोनवरही सांगता आलं असतं. तिने तसं सुचवलं नाही, त्यालाही ते सुचलं नाही.

आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. हा मुलगा आता तिला ताई म्हणत नव्हता. एरवी दुर्गाबाईंपासून शेजारच्या दहा वर्षांच्या पोरीपर्यंत सगळ्या त्याच्या ताया. तिला मात्र हाक मारायची वेळ आली की "ते... ऐका ना" असं काहीतरी म्हणायचा.

नंदाबाईंच्या हे ध्यानात आलं नव्हतं. राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो चहा पीत होता, तेव्हा त्या मायेने म्हणाल्या, "लेकरा, तुला बहीण न्हाई म्हणतोस. उद्या ये, दैवशाला राखी बांधील." हरिओमला ठसका लागला. दैवशाला एकदम उठून, धुतलेल्याच कपबशा धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पौर्णिमा उलटून गेल्यावर सकाळी सकाळी आला, बगलेत डावीकडची स्क्रीन पोत्यात गुंडाळलेली.

"काल येणार व्हतात," ती म्हणाली.

"काल... काल घराबाहेर निघण्यासारखा दिवस नव्हता."

"पाऊस तर नव्हता."

"न्हाई. पाऊस नव्हता." त्याने स्क्रीन फळीवर ठेवली, तिच्याकडे न बघता. "दुसरा धोका व्हता."

तिला हसू आवरेना, आणि आवरलं नाही तेही बरंच झालं, कारण मग तोही हसला.

तीन स्क्रीन ओढताना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, म्हणून हरिओमने विमानातल्या आभाळातले ढग कमी केले. बाहेर श्रावण भरून आलेला आणि आत लख्ख ऊन. तो डावीकडच्या स्क्रीनशेजारी स्टूल घेऊन बसायचा, कोन जुळवायला. कोन दोन दिवसांत जुळले, स्टूल मात्र तिथेच राहिलं. विमान धावपट्टीला समांतर आलं की तो म्हणायचा, "डावीकडं बघा." ती बघायची. धावपट्टीचं टोक दिसायचं, आणि टोकाच्या अलीकडे तो. कधी कधी ती आधी त्याला बघायची आणि मग टोकाला, पण वळायची वेळेवर. गोकुळाष्टमीपर्यंत विमान आपटायचं थांबलं. दुर्गाबाईंना वाईट वाटलं.

एवढंच, की डावीकडच्या आभाळात एक फिकट फुली दिसायची. स्क्रीनचे चार चौकोन पाडणारी. तिने विचारलं, तर म्हणाला, "जुनी हाय. खुणा राहतात."

परत जायच्या आदल्या दिवशी, त्याची विसरलेली मोजपट्टी द्यायच्या निमित्ताने ती त्याच्या दुकानात गेली. हरिओम टेबलावर वाकून, डोळे बारीक करून मोबाइल बघत होता. मोबाइलवर कुणाच्या तरी मळ्यातले चार कॅमेरे, चार चौकोन, मधे तीच फुली. समोरच्या भिंतीवर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता, वर दोन रिकामे स्क्रू. सगळ्या मळ्यांची राखण तो तीन आठवडे या एवढ्याशा मोबाइलवर करत होता.

तिने त्या चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"किती इंची व्हती?" तिने विचारलं, माहीत असून.

"सत्तावीस."

"घेऊन जा. आजच. तुमचं काम खोळंबतंय."

"मी मोबाइलवर भागवीन," तो म्हणाला. "तुमाला आज संध्याकाळचा सराव हाय. अन् तुमच्या डाव्या खांद्याचं काम महिन्यावर आलंय." मग मोबाइल उलटा ठेवला. "तुमी उडायला लागल्यावर... म्हणजे, तिकडंच राहणार ना आता? मी आपला मोसंबीच्या बागांत... आन् तुमी..."

तिच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच अडकलं. तपासणी डोक्यावर असताना असलं काही बोललं, तर मन थाऱ्यावर राहील का, या भीतीने तिने मोजपट्टी टेबलावर ठेवली आणि निघाली. रिक्षात बसल्यावर स्वतःचा इतका राग आला, की रडूच आलं.

महिन्याने एका सकाळी कॅप्टन मॅडम तिच्याबरोबर विमानात बसल्या. तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा तिची मान आपोआप डावीकडे वळली, खांद्यामागे टोक दिसलं, आणि ती वळली. खाली उतरल्यावर मॅडम पट्टा सोडून बाहेर पडल्या आणि दार लावताना म्हणाल्या, "आता एक फेरी एकटी मारून ये."

ती एकटी उडाली. मॅडमची उजवी खुर्ची रिकामी. इंजिनाचा आवाज, हाताखाली थरथरणारा दांडा, आणि खाली पाऊस पिऊन हिरवीगार झालेली शेतं. ठरलेल्या जागी तिने डावीकडे पाहिलं. टोक होतं. ती वळली, उतरली, चाकं टेकली तेव्हा धक्कासुद्धा बसला नाही. मैत्रिणींनी पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं.

पहिला फोन तिने घरी केला. रखमाजी नुसते नाक ओढत राहिले. दुसरा फोन, ओल्या कपड्यांनीच, बदनापूरला.

"उतरले," ती म्हणाली. "एकटी."

पलीकडे त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "डावीकडं बघितलं?"

"बघितलं."

"टोक दिसलं?"

"दिसलं, हरिओम. बराबर जागेवर दिसलं. पण आभाळ कोरं व्हतं. ती फुली नव्हती. आन् तू बी नव्हतास." तू म्हटल्याचं तिचं तिलाच कळलं, पण आता मागे फिरायचं नव्हतं. "मला न्हाई आवडलं ते. तुझ्याबिगर डावीकडं बघायला मला न्हाई आवडत."

फोनवर आधी त्याच्या मागून जाणाऱ्या रेल्वेची शिटी ऐकू आली.

"मी..." तो म्हणाला, "मी परवाच तुमच्याकडं गेल्तो. काका म्हणले, पोरगी गेली, आता स्क्रीन ने. मी न्हाई आणली. म्हणलं, राहू द्या, जागा धरून." मग अगदी हळू, "दैवशाला, मी राखीच्या दिवशी दिवसभर दुकानाचं शटर लावून आत बसल्तो."

ती ओल्या केसांतून पाणी गळत असताना हसायला लागली, आणि डोळ्यांतूनही गळत होतं ते कुणाला कळलं नाही.

"दिवाळीला येऊन राह्यले मी," ती म्हणाली. "तोवर ते स्टूल काढून टाक."

"का?" त्याचा आवाज उतरला.

"चाचांना खुर्ची करायला सांग. माझ्या खुर्चीच्या उंचीची."

मग ओळखीचा प्रश्न आला, शिडीवरचाच, फक्त पुढचं ते ताई गळालेलं.

"बसणार किती लांब?"

"लांब कशाला?" दैवशाला म्हणाली.