डाव्या हाताचा सॅल्यूट

कॉलेजच्या फाटकावर भलामोठा फलक होता – ‘सैन्यात जायचंय? आम्ही पाठीशी आहोत!’ आणि त्याखालच्या फोटोत गणवेशातला एक देखणा मुलगा सॅल्यूट ठोकत होता. डाव्या हाताने.

मला शाळेपासून सैन्यात अधिकारी व्हायचंय. सॅल्यूट कुठल्या हाताने करतात एवढं मला कळतं. फोटो उलटा छापला म्हणावं, तर मागची कॉलेजची पाटी सुलटी! मी तिथेच खुदकन हसले. आता छडा लावल्याशिवाय घास गोड लागला नसता.

आत प्रवेशाच्या चौकशीचं टेबल होतं. टेबलामागे तोच मुलगा. गणवेशाशिवायही... असो.

“फलकावरचा तूच ना? डावा हात का?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “उजव्याने पँट धरली होती. गणवेश नाटकाच्या पेटीतला. माझ्यासारखे दोन मावले असते त्यात.”

मी गाल आतून चावला. अधिकारी असे लगेच हसत नाहीत.

“म्हणजे इथे कॅडेट नाहीतच?”

“आहे की, एक. तो स्वतःच ‘सावधान’ ओरडतो आणि स्वतःच होतो.”

“पळायला मैदान?”

“सकाळी तिथे प्राचार्य गाडी शिकतात. पळणाऱ्यांचा वेग मात्र वाढतो.”

“आणि निवडचाचणीसाठी आठवडाभर जावं लागलं तर?”

या वेळी त्याने थट्टा केली नाही. “पेपर बुडतो. मग वर्षही.”

बाबांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, आणि त्यांचं कधीच ठरलं होतं – हेच कॉलेज. घराजवळ, शिवाय आत्या इथे ग्रंथपाल.

“तू नदीपलीकडच्या कॉलेजात जा,” तो हळूच म्हणाला. “माझा दादा तिथूनच सैन्यात गेला.”

“तुझं काम काय आहे इथे?”

“मुलं आणणं. सकाळपासून तू पहिलीच... आणि तुलाच हाकलतोय.”

त्याने टेबलावर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी ठेवली आणि माझ्यासोबत निघाला.

नदीपलीकडच्या कॉलेजच्या मैदानावर मुली धावत होत्या. शिट्टी घेतलेल्या निवृत्त कॅप्टनबाईंना मी तोच प्रश्न विचारला. “चाचणीला बिनधास्त जा,” त्या म्हणाल्या, “पेपर आल्यावर घेऊ. नापास झालीस तर मात्र मी आहे आणि तू आहेस.”

ठरलं!

परतताना पुलावर आत्याचा फोन. “तो फलकवाला पुलावर तुझ्याबरोबर काय करतोय गं? ग्रंथालयातून दिसताय मला.”

“मला कॉलेज दाखवतोय.”

“आमचं कॉलेज टेबलाच्या मागे आहे, पुलावर नाही!”

“आत्या, बाबांना तूच समजाव ना. मला आवडलंय.”

“काय? कॉलेज?”

“...तेसुद्धा.”

फोन ठेवला. वारा सुटला होता. तो कठड्याला टेकून नदीकडे बघत होता, माझ्याकडे सोडून सगळीकडे.

“म्हणजे तू आता पलीकडे,” तो म्हणाला. मग एकदम ताठ झाला आणि सॅल्यूट ठोकला. चक्क उजव्या हाताने!

“अरे, पँट?”

“पट्टा लावलाय. माझी पँटही सैलच. तू फलकाखाली हसत होतीस ना... खिडकीतून दिसलीस. तेव्हाच धावत जाऊन मित्राचा काढून आणला.”

त्याचं कोपर खाली झुकलं होतं. मी दोन बोटांनी ते वर उचललं – आणि बोटं काढायला जरा विसरले.

“पहाटे ये त्या मैदानावर. शिकवते. पट्टा लावून ये.”

“मित्राला काय सांगू?”

“त्याला म्हणावं, दोन्ही हातांनी धर.”

आणि मग मात्र मी हसले. अधिकाऱ्यांनाही कधीतरी ‘विश्राम’ असतोच की.